बावीस इंची भिंत

वाईतलं ते घर तिसऱ्यांदा बघायला गेलो तेव्हा सोबत शंभर फुटी टेप नेला. नवऱ्याने रस्त्याकडच्या पश्चिम कोपऱ्यात टेपचं टोक दाबून धरलं. मी पूर्वेकडे चालत गेले, टेप भिंतीला टेकवला आणि आकडा वाचला : ३० फूट ३ इंच. पुन्हा मोजलं, तेच. नगर भूमापनाच्या नकाशावरून मी आदल्या रात्री काढलेली रुंदी होती ३१ फूट ६ इंच. सव्वा फूट कुठेतरी कमी पडत होता. समोर भिंत होती, आणि भिंतीपलीकडे शेजारी राहत होते.

माझी २९ वर्षं पुण्यात बँकेच्या कर्ज विभागात गेली. मिळकतीच्या फायली रोजच्याच. पूर्वेस अमुक, दक्षिणेस तमुक, पश्चिमेस रस्ता, उत्तरेस आणखी कुणी. चतुःसीमेच्या त्या चार ओळी मी हजारो वेळा वाचल्या असतील, पण एकदाही त्यांच्यावरून पायी चालले नव्हते. निवृत्तीनंतर आजोळच्या गावी, कृष्णेच्या जवळपास एखादं जुनं घर घ्यायचं असं आमचं बरीच वर्षं चाललं होतं. हे घर मिळालं तेव्हा ठरवलं, या वेळी त्या चार ओळी जमिनीवर बघायच्या.

घर दुमजली. जोत्याला काळा दगड, वर पांढऱ्या मातीच्या जाड भिंती, सागवानी तुळया, मागे लांबट परसू आणि परसात एक पेरू. आळीतली बरीच घरं अशीच एकमेकांना खेटून उभी आहेत. शेजारचं घर आणि हे घर मिळून पूर्वी एकच वाडा होता, हे बाहेरून बघूनही कळायचं, कारण दोन्ही घरांच्या कौलांची आढी एका रेषेत होती. विकणारी तीन भावंडं. थोरले बोरिवलीला, धाकटे नाशिकला आणि बहीण साताऱ्यात. घराला सात-आठ वर्षं कुलूप होतं.

वकीलसाहेबांनी तीस वर्षांचा सर्च घेतला, म्हणजे घराच्या नोंदवलेल्या जुन्या व्यवहारांची तपासणी केली, आणि वर्तमानपत्रात जाहीर नोटीस दिली. हरकत आली नाही. ‘टायटल स्वच्छ आहे,’ म्हणाले. मी विचारलं, पूर्वेची भिंत कुणाची? त्यांनी विक्रेत्यांच्या आजोबांचं १९५४ सालचं खरेदीखत पुन्हा उघडलं आणि बोट ठेवून दाखवलं. पूर्वेला शेजाऱ्यांचं घर, एवढंच लिहिलेलं. घर कुठे सुरू होतं ते लिहिलेलं नव्हतं. भिंतीच्या या अंगाला, त्या अंगाला की मधोमध? सर्च रिपोर्टमधून मालक कोण ते कळतं. त्याची मालकी कितव्या इंचाला संपते ते कळत नाही, आणि ते सांगणं सर्च रिपोर्टचं कामही नाही.

क्षेत्राचा मात्र घोळ नव्हता. खरेदीखतात २२३ चौरस वार आणि मिळकत पत्रिकेवर, म्हणजे नगर भूमापनाच्या मालकी-क्षेत्राच्या उताऱ्यावर, १८६.४ चौरस मीटर. एक चौरस वार म्हणजे ०.८३६१ चौरस मीटर, त्या हिशेबाने दोन्ही कागद जुळत होते. कागद कागदाशी जुळला की माझ्यासारखीला हायसं वाटतं. पण नकाशा घेऊन बसले आणि वेगळंच लक्षात आलं. गावठाणाचा नकाशा १:५०० या प्रमाणाचा. म्हणजे कागदावरचा एक मिलिमीटर हा जमिनीवर अर्धा मीटर. नकाशावरची शाईची रेघच मुळी अर्ध्या मिलिमीटरची धरली, तर जमिनीवर तिची जाडी २५ सेंटिमीटर होते, जवळजवळ दहा इंच. ज्या रेघेवरून माणसं कोर्टात जातात ती रेघ स्वतःच दहा इंच रुंद असते. आम्ही माडीच्या खिडकीच्या कट्ट्यावरून टेप टाकून भिंतीची जाडी मोजली होती, ती होती २२ इंच. माझा सव्वा फूट त्या बावीस इंचांतच संपत होता.

आमच्याबरोबर आलेले गवंडी जुन्या घरांची कामं करणारे. त्यांनी नकाशाकडे बघितलंसुद्धा नाही. ते भिंतीशी गेले, तुळयांची टोकं बघितली, कोनाड्यांत हात घालून खोली मोजली. मग म्हणाले, “ताई, हितं आपल्या तुळया भिंतीत गेल्यात. तिकडच्या पण ह्याच भिंतीत येत असणार. आन् कोनाडे बघा, एकाआड एक सोडल्यात. पाठीला पाठ लागली असती तर भिंत पोकळ झाली असती. बांधताना दोन्हीकडचा इचार करून बांधलीय ही.” मी भिंतीवर हात फिरवला. सारवणाचे पापुद्रे सुटले होते आणि आत गवताच्या काड्या दिसत होत्या. जिला मी तोवर हद्द म्हणत होते तिच्यावर दोन घरांचं छप्पर पेललेलं होतं.

मागे परसात गेलो तेव्हा दुसरी गोष्ट दिसली. सामाईक भिंत संपते तिथून पुढे शेजाऱ्यांचं न्हाणीघर होतं, सिमेंटच्या विटांचं, लांबी नऊ फूट. त्यावरचा पत्रा दीड फूट आमच्या बाजूला आलेला. त्याखाली जमिनीवर लहान लहान खळग्यांची एक रांग होती, पट्टीने आखावी इतकी सरळ. प्रत्येक खळग्यात माती धुऊन गेलेली आणि बारीक खडी उघडी पडलेली. पागोळ्यांनी वर्षानुवर्षं ठिबकून पाडलेली रेघ ती. मिळकत पत्रिकेवर ‘सुविधाधिकार’ असा एक रकाना असतो. या मिळकतीला दुसऱ्या कुणाच्या वाटेचा, पाण्याचा, उजेडाचा हक्क लागू असेल तर तो तिथे यायला हवा. आमच्या पत्रिकेवर तो रकाना कोरा होता. जमिनीवर मात्र नोंद होती.

बोरिवलीच्या थोरल्यांना फोनवर विचारलं. ते लगेच म्हणाले, “ते सरळसरळ अतिक्रमण आहे. आमच्या वडिलांनी सहन केलं. तुम्ही ताबा घ्या आणि पाडून टाका.” आणि मोजणी? “खरेदी झाल्यावर तुमच्या नावावर करून घ्या की.”

इथे मात्र मी अडून बसले. मोजणीचा अर्ज करायचा तर मिळकत पत्रिकेवर नाव असावं लागतं. आमचं नाव खरेदीनंतर लागणार, आणि तेव्हा जे निघेल ते आमच्या गळ्यात पडणार. म्हणून इसाराच्या करारातच अट घातली : विक्रेत्यांनी हद्द कायम मोजणीचा, म्हणजे हद्द जागेवर दाखवून देणाऱ्या सरकारी मोजणीचा, अर्ज करायचा, फी आम्ही भरायची आणि मोजणीची ‘क’ प्रत, म्हणजे मोजलेल्या हद्दीचा अधिकृत नकाशा, हातात आल्यावरच खरेदीखत. थोरल्यांना ते रुचलं नाही. साताऱ्याच्या ताईंनी त्यांची समजूत घातली. “दादा, आपण तिथं राहणार नाही, ह्यांना राहायचंय,” एवढंच त्या म्हणाल्या आणि पहिली सही त्यांनी केली.

अर्जाला तिन्ही विक्रेत्यांच्या सह्या, अलीकडची मिळकत पत्रिका, चतुःसीमेचा कच्चा नकाशा आणि लगतच्या धारकांची नावं-पत्ते लागले. फी द्रुतगतीची भरली, कारण इसाराची मुदत चार महिन्यांची होती. मोजणी रजिस्टरचा नंबर पडला, तारीख मिळाली आणि नियमाप्रमाणे लगतच्या सगळ्यांना नोटिसा गेल्या.

या नोटिसांपाशी माझी चूक झाली. घर तीनदा बघितलं, टेप लावला, तुळया मोजल्या, पण शेजारच्या दारात जाऊन ‘आम्ही हे घर घेतोय’ असं एकदाही सांगितलं नाही. आधी मोजणी होऊ दे, मग काय ते बोलू, असं डोक्यात होतं. पुढच्या खेपेला गेलो तेव्हा शेजारचे काका ओट्यावर नोटीस हातात धरूनच उभे होते. सत्तरी ओलांडलेले, धोतर, वर स्वेटर. मी नमस्कार केला. त्यांनी कागद पुढे केला.

“आमच्या आजोबांनी बांधलेल्या भिंतीची मोजणी आम्हाला टपालानं कळवायची? दार हितंच हाय की आमचं. हाक मारता येत नव्हती?”

मला उत्तर देता आलं नाही. कायद्याने ती नोटीस बरोबर होती, पण आळीत असं चालत नाही. ज्या माणसाच्या भिंतीला भिंत लावून आम्ही उरलेलं आयुष्य काढणार होतो, त्याला आमची पहिली ओळख सरकारी शिक्क्याने झाली. ते आत गेले. जाताना एवढंच बोलले, “आता कृष्णाबाईचा उत्सव हाय आळीचा. तो झाल्यावर बघू काय बघायचं ते.”

वाईत प्रत्येक आळीचा कृष्णाबाईचा उत्सव वेगळा असतो, माघ-फाल्गुनात एकामागून एक. आजोळी लहानपणी मी त्या पंगतींत जेवलेली आहे. उत्सव होईपर्यंत थांबले. मग एकटीच गेले, नकाशा नाही, फाईल नाही. आजोबांचं नाव सांगितलं. काकूंना आमचं जुनं घर माहीत होतं, माझ्या मोठ्या मावशीच्या त्या शाळेत एक वर्ग पुढे. तासभर जुन्याच गोष्टी निघाल्या. मग मी काकांना सरळ विचारलं, ते न्हाणीघर कधी बांधलंत?

१९९८ साली. त्यांची आई अंथरुणाला खिळली होती. जुनी मोरी परसाच्या टोकाला आणि तिथवर म्हातारीला उचलून न्यावं लागायचं. पावसाळ्याच्या तोंडावर घाईघाईने काम काढलं. गवंड्याने सामाईक भिंतीच्या पश्चिम अंगाला दोरी लावली आणि तीच रेषा सरळ मागे नेली. काकांच्या हे ध्यानात आलं तोवर विटा कमरेपर्यंत आल्या होत्या. शेजारच्या दादांनी, म्हणजे विक्रेत्यांच्या वडिलांनी, काम थांबवा म्हणून सांगितलं. काका म्हणाले, आई आहे तोवर राहू द्या. शब्दाला शब्द लागला. आई पुढच्या वर्षी गेली. न्हाणीघर राहिलं आणि दोन घरांचं बोलणं बंद झालं ते कायमचं. “दादा गेले तेव्हा मी खांदा द्यायला गेलो,” काका म्हणाले, “तेवढंच.”

मोजणीच्या दिवशी सकाळी नऊला भूकरमापक, म्हणजे सरकारी मोजणीदार, आले. बरोबर उपग्रहाच्या सिग्नलवरून जागा टिपणारा रोव्हर होता, पण त्या चिंचोळ्या आळीत वर कौलं, मध्ये झाडं, त्यामुळे उपग्रहाचा सिग्नल टिकेना. मग त्यांनी ईटीएस, म्हणजे प्रिझमवर किरण सोडून अंतर मोजणारं यंत्र, तिवईवर लावलं. काम आमच्या घरापासून सुरू होईल असं मला वाटलं होतं, तर ते आधी आळीच्या तोंडाशी गेले. जुन्या नकाशावर आहेत आणि जागेवरही हललेले नाहीत, असे तीन कोपरे त्यांनी शोधून काढले. एक देवळाच्या जोत्याचा, दोन जुन्या दगडी घरांचे. ते तिन्ही नकाशाशी जुळल्यावरच आमच्याकडे आले. मला हे फार पटलं. स्वतःची हद्द मोजायची तर आधी गावातलं न हललेलं काहीतरी पकडावं लागतं.

दुपारी एकपर्यंत काम चाललं. परसात चुन्याची फक्की पडली, भिंतीच्या मागच्या टोकावर तांबड्या रंगाची फुली आली. काका सुरुवातीला लांब उभे होते. मग प्रिझमची काठी धरायला माणूस कमी पडला तेव्हा आपणहून पुढे झाले. शेवटी भूकरमापकांनी आम्हा सगळ्यांना जवळ बोलावून सांगितलं. नोंदीची हद्द भिंतीच्या आतून जाते, पश्चिम अंगापासून साधारण १४ इंचांवर. भिंत संपल्यावर तीच रेषा न्हाणीघरातून जाते. म्हणजे न्हाणीघर नऊ फूट लांबीत १ फूट २ इंच अलीकडे आलेलं आहे.

मी विचारलं, मग भिंत कुणाची?

“ते मला नकाशा सांगत नाही, मॅडम. रेघ भिंतीत आहे, एवढं मी सांगतो. तीन-चार इंच इकडे-तिकडे या नकाशाच्या बाहेरची गोष्ट आहे.” आणि पाडापाडीबद्दल थोरल्यांनी फोनवरून विचारल्यावर त्यांनी शांतपणे उत्तर दिलं की हद्द दाखवणं त्यांचं काम, अतिक्रमण काढणं नाही. मोजणी मान्य नसेल तर निमताना मोजणीसाठी अर्ज करता येतो, तीत वरचे अधिकारी पुन्हा तपासतात. जबाब लिहून झाले, सह्या झाल्या. काकांनी सही करण्याआधी सगळा जबाब मोठ्याने वाचून घेतला.

त्या रात्री आम्ही मावसभावाकडे उतरलो होतो. मी हिशेब मांडला : नऊ फूट गुणिले १ फूट २ इंच, साडेदहा चौरस फूट. एक चौरस मीटरही पूर्ण नाही. एवढ्या जागेसाठी २७ वर्षं दोन घरं बोलली नव्हती. आणि भिंतीचं उत्तर अजून मिळालेलं नव्हतंच.

ते दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनीच आणलं. हातात पिशवी, पिशवीत जुन्या रेशमी रुमालात गुंडाळलेला कागद. “हा आमच्या ट्रंकेत हाय. आजोबा आन् त्यांचे भाऊ वेगळे झाले तवाचा. मोडीत हाय, आम्हाला कुणाला येत नाही. दादांच्या भांडणात कधी बाहेर काढला नाही, म्हटलं आत आपल्याच विरुद्ध काय निघालं तर? काल तुम्ही भिंतीचं विचारलंत तवा वाटलं, एकदा कळू द्या.”

तो मला कागदापेक्षा मोठा वाटला, तो विश्वास. मी मूळ कागद नेला नाही. खिडकीच्या उजेडात दोन्ही पानांचे फोटो काढले आणि रुमालासकट त्यांच्या हातात परत दिला. पुण्यात माझ्या जुन्या सहकारी बाईंनी निवृत्तीनंतर मोडी शिकून घेतलेली आहे. दोन संध्याकाळी बसून त्यांनी अक्षरन् अक्षर देवनागरीत उतरवलं. १९३१ सालची ती वाटणी. वाडा दोघा भावांत पूर्व-पश्चिम विभागलेला, मापं गजात. मधल्या भिंतीबद्दल स्वच्छ लिहिलेलं होतं की ती दोघांची सामाईक, दोघांच्याही तुळया तिच्यावर राहतील आणि दुरुस्तीचा खर्च निम्मा-निम्मा. पश्चिमेकडची वाटणी पुढे १९५४ मध्ये विक्रेत्यांच्या आजोबांना विकली गेली, तेव्हा खरेदीखत लिहिणाऱ्याने नुसतं ‘घर’ लिहिलं आणि भिंतीचा शब्द गळून पडला. कागदात पुढे आणखी एक वाक्य होतं. पूर्वेकडच्या घराच्या मागच्या वळचणीचं पाणी पश्चिमेकडच्या परसात पडतं, त्याला हरकत करू नये.

म्हणजे कागद निम्मा काकांच्या बाजूचा होता आणि निम्मा दोघांचा. न्हाणीघराच्या जागेबद्दल त्यात काहीच नव्हतं, कारण तेव्हा तिथे न्हाणीघर नव्हतं. मी सगळं लिप्यंतर छापून काकांना दिलं, त्यांच्या विरुद्ध जाणाऱ्या आणि आमच्या विरुद्ध जाणाऱ्या ओळींसकट. त्यांनी काकूंना वाचून दाखवलं. ‘निम्मा-निम्मा’ या शब्दावर थांबून ते म्हणाले, “पावसाळ्यात ह्या भिंतीला ओल येती तवा दरवर्षी मी एकटाच सारवत होतो.”

वकीलसाहेबांचं मत मी पुन्हा घेतलं. सुविधाधिकारांचा १८८२चा कायदा आहे. त्यात वीस वर्षं उघडपणे, बिनहरकत उपभोगलेला हक्क पक्का मानला जाऊ शकतो, पाण्याचा आणि उजेडाचाही. आणि मालकाची परवानगी नसताना परक्या माणसाचा ताबा बारा वर्षं उघडपणे चालू राहिला तर विरुद्ध ताब्याचा मुद्दा उभा राहतो. तो टिकेल की नाही हे कोर्ट ठरवणार, पण ठरेपर्यंत कित्येक वर्षं जाणार. एक चौरस मीटरसाठी तारखा घेत राहायच्या आणि त्याच माणसाच्या भिंतीला टेकून झोपायचं, हे मला करायचं नव्हतं. विक्रेत्यांना सांगितलं की आम्ही घर घेणार, पण आधी शेजाऱ्यांशी लेखी समजूत, तुमच्या सहीने आणि नोंदणी करून. थोरल्यांनी दोन दिवस फोन उचलला नाही. तिसऱ्या दिवशी स्वतः वाईला आले. काकांच्या ओट्यावर बसले. त्या बैठकीत मी नव्हते, त्यामुळे काय बोलणं झालं ते मला सांगता येणार नाही. नंतर दोघंही बराच वेळ गप्प होते आणि दोघांच्याही कपातला चहा संपलेला होता.

समजुतीच्या लेखात पुढचं सगळं आलं. मधली भिंत सामाईक, १९३१च्या वाटणीप्रमाणे. दोघांपैकी कुणी तिच्यात नवी खिडकी किंवा झरोका पाडायचा नाही, तुळई बदलायची तर आधी दुसऱ्याला सांगायचं, खर्च निम्मा. न्हाणीघर आहे तसं राहील, पण त्या जागेवर काकांनी मालकी सांगायची नाही आणि कधीही ते पाडून नव्याने बांधलं तर मोजणीच्या रेषेमागे घ्यायचं. न्हाणीघराचा दीड फुटी पत्रा नवा असल्याने त्याला जुन्या वळचणीचा हक्क नाही, म्हणून त्याला पन्हळ लावून पाणी त्यांच्या बाजूला काढायचं. मागच्या मूळ कौलांचं पाणी मात्र पूर्वीसारखं आमच्या परसात पडेल आणि आम्ही तिथे चर काढून ते वाटेला लावू.

‘नव्याने बांधलं तर मागे घ्यायचं’ या ओळीवर काकू अडल्या. “आम्ही आहोत तोवर ठीक. पण उद्या मुलगा म्हणेल, तुम्ही सही कशी केलीत?” मुलगा चिंचवडला असतो. त्याच्याशी तिथेच फोनवर बोलणं झालं. त्याने एकच विचारलं, आत्ता काही पाडायचं नाही ना? नाही म्हटल्यावर तो राजी झाला.

तरीही तीन आठवडे गेले, आणि ही बाब कुणीही घर घेणाऱ्याने आधीच बघून ठेवावी. शेजारच्या मिळकत पत्रिकेवर काकांबरोबर त्यांच्या दोन बहिणींचीही नावं होती. एक पाचगणीला, एक कराडला. राहतात एकटे काका, पण हक्क तिघांचा, म्हणून सही तिघांची हवी. आम्ही लगतच्यांची नावं नोटिशीसाठी लिहून दिली होती, तरी हा अर्थ माझ्या डोक्यात शिरला नव्हता. पाचगणीच्या आत्या पसरणीच्या घाटातून एसटीने आल्या. कराडच्या आत्यांचा पाय मोडलेला होता. त्यांचं प्लॅस्टर निघेपर्यंत थांबलो, इसाराची मुदत विक्रेत्यांनी लेखी वाढवून दिली.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात दुय्यम निबंधकांकडे एकाच दिवशी दोन्ही दस्त झाले, आधी समजुतीचा लेख, मग खरेदीखत. खरेदीखतात मोजणीची ‘क’ प्रत जोडली. तिच्यावर नोंदीची हद्द एका रेषेने आणि वहिवाटीची हद्द दुसऱ्या रेषेने दाखवलेली आहे, न्हाणीघराच्या जागी त्या दोन रेषा वेगळ्या होतात. चतुःसीमेची पूर्वेची ओळ या खेपेला मी स्वतः सांगून लिहून घेतली. शेजाऱ्यांची मिळकत, तिच्या नगर भूमापन क्रमांकासह, मध्ये २२ इंच रुंदीची सामाईक भिंत, आणि समजुतीच्या लेखाचा दस्त क्रमांक. टंकलेखकाने विचारलं, “एवढं कशाला, बाई? नुसतं ‘पूर्वेस अमक्यांचे घर’ लिहितात सगळे.” मी म्हटलं, लिहा.

मे महिन्यात त्याच गवंड्यांकडून भिंत दोन्ही बाजूंनी दुरुस्त करून घेतली. बिल निम्मं-निम्मं झालं. काकांनी त्यांचे पैसे पाकिटात घालून दिले आणि पाकिटावर तारीख लिहिली.

पहिला मोठा पाऊस जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आला, संध्याकाळी. आम्ही मागच्या दारात उभे होतो. कौलांवरून पागोळ्या आमच्या परसात पडत होत्या आणि नव्या चरातून पाणी पेरूकडे वळत होतं. न्हाणीघराच्या पत्र्याखालच्या त्या खळग्यांच्या रांगेत या वेळी नुसतं पावसाचं पाणी साचत होतं. भिंतीपलीकडून हाक आली.

“पाणी येतंय का तुमच्याकडं?”

“पन्हळीच्या कोपऱ्यातून थोडं गळतंय, काका.”

काही वेळाने ते पोतं डोक्यावर घेऊन परसातून आले. हातात पत्र्याचा तुकडा आणि तार होती. नवऱ्याने शिडी धरली.